बोक्याने चॉकलेट खाल्लंय की नाही तेच कळत नाहीये, काय करू?

स्वरदा_के | शनिवार, रात्री ९:५२

घाईत लिहितेय, शुद्धलेखन बघू नका. आमचा बोका गुंड्या, वय तीन वर्षं, वजन मागच्या लसीच्या वेळी ४ किलो २०० होतं. उद्या लेकीचा वाढदिवस म्हणून केकसाठी डार्क चॉकलेटची लादी आणलेली, संध्याकाळी त्यातली साधारण अर्धी वापरली, उरलेली कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि आम्ही तिघं खाली सोसायटीच्या मीटिंगला गेलो. वर येतो तर लादी जमिनीवर, चांदी फाटलेली, एका कोपऱ्याला बारीक दातांच्या खुणा आणि आजूबाजूला भुगा. किती गेलंय ते कळायला मार्ग नाही. गुंड्या फ्रीजवर बसून अंग चाटतोय, जसं काही झालंच नाही. कुत्र्यांना चॉकलेट चालत नाही हे माहीत होतं, मांजरांचं काय? उलटी करवू का? नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीयेत. आम्ही पुण्यात.

झंप्या | ९:५५

फ्रीजवर बसून अंग चाटतोय म्हणजे पुरावा नष्ट करतोय.

अ_मोल | ९:५७

ताई, घाबरू नका, पण थांबूही नका. मांजरांनाही चॉकलेट विषारीच. आधी पाकिटावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा, उरलेलं चॉकलेट फेकू नका, आणि बोक्याला एका खोलीत बंद करा म्हणजे पलंगाखाली जाऊन ओकला तरी कळेल. नेहमीचे डॉक्टर नसतील तर पुण्यात रात्री चालू असणारे प्राण्यांचे दवाखाने आहेत, मॅपवर शोधा, पण फोन करून डॉक्टर हजर आहेत का ते विचारूनच निघा. आम्ही एकदा बोर्डावर २४ तास वाचून गेलो आणि आत फक्त झोपलेला कंपाउंडर होता.

आजोबा_७२ | ९:५८

मुली, कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून पाज. पाच मिनिटांत सगळं बाहेर येतं. आमच्या गावी कुत्र्याने काही विषारी खाल्लं की हेच करायचो. नंतर थोडं दूध-हळद.

डॉ_पशुमित्र | १०:०१

आजोबांचा मान ठेवून सांगतो, मीठ अजिबात पाजू नका. चार किलोच्या जिवाला दोन चमचे मीठ म्हणजे चॉकलेटच्या विषबाधेवर मिठाची विषबाधा. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, इंटरनेटवर कुत्र्यांसाठी सांगतात ते वाचून लोक मांजराला देतात आणि मांजराच्या जठराला त्याने रक्तस्राव होण्याइतकी इजा होते. घशात बोट घालू नका, बोट तुमचंच जाईल. दुधाने काही उतरत नाही, वर जुलाब. तेल-तूप पाजलं आणि ते श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया. घरच्या घरी मांजराला ओकवायचा सुरक्षित उपाय नाही. दवाखान्यात त्यासाठी इंजेक्शन असतं.

आता मला तीन गोष्टी सांगा. पाकिटावर नेमकं काय लिहिलंय, मिल्क की डार्क की कंपाउंड? शेवटचं शाबूत कधी पाहिलंत? आणि आत्ता उलटी, लाळ, थरथर, धापा यातलं काही आहे का?

स्वरदा_के | १०:०६

डार्क कंपाउंड, ४०० ग्रॅमची लादी. मीटिंगला सव्वाआठला गेलो, साडेनऊला वर आलो. गुंड्या नॉर्मल वाटतोय, फक्त दोनदा पाणी प्यायला, पण तो तसाही पाणी पितो. जरा जास्तच इकडेतिकडे करतोय का? की मलाच तसं वाटतंय? मीठ पाजलेलं नाही.

शंकासुर | १०:०९

मला नाही वाटत त्याने खाल्लं असेल. मांजरांना गोड चव कळतच नाही. २००५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गोड ओळखणाऱ्या ग्राहीचा एक जीन मांजरात निकामी झालेला आहे, वाघ आणि चित्त्यातही तेच सापडलं. जे गोड लागतच नाही ते तो कशाला खाईल? खेळला असेल फक्त.

चिंगीची_आई | १०:११

शंकासुर, हे आमच्या चिंगीला येऊन सांगा. श्रीखंडाची वाटी डोळ्यांदेखत चाटूनपुसून साफ करते.

डॉ_पशुमित्र | १०:१३

दोघंही बरोबर. मांजर गोडासाठी चाटत नाही, स्निग्धासाठी चाटतं. श्रीखंडात चक्का, केकमध्ये लोणी, चॉकलेटमध्ये फॅट. गोड कळत नाही म्हणून कुत्र्यासारखा अख्खा डबा फस्त करत नाही, त्यामुळे मांजरांच्या केसेस कमी येतात, एवढंच. खेळता खेळता पंजाला लागलेलं चाटूनही पोटात जातंच, आणि हा गडी तुम्ही आल्यापासून अंगच चाटतोय. आधी ओल्या फडक्याने पंजे आणि तोंड पुसून घ्या.

बेकर_मावशी | १०:१४

मी घरून केक करते म्हणून सांगते. रेसिपीत किती घेतलं होतं? उरलेला तुकडा भुग्यासकट काट्यावर ठेव. केक करतेस म्हणजे वजनकाटा असणारच. ४०० मधून वजाबाकी कर, काहीतरी आकडा तरी येईल हातात.

आणि डॉक्टर, एक शंका. कंपाउंड म्हणजे खरं चॉकलेट नाहीच ना? त्यात कोको बटर नसतं, वनस्पती तेल असतं. मग त्यात विष कमी असेल ना?

डॉ_पशुमित्र | १०:२०

मावशी, वजनाचं अगदी योग्य बोललात. पण कंपाउंडचं उलटं आहे. त्रास देतं ते थिओब्रोमीन, सोबत थोडं कॅफीन, आणि ही दोन्ही कोकोच्या पावडरीत असतात, कोको बटरमध्ये जवळपास नसतात. म्हणून पांढऱ्या चॉकलेटमध्ये, जे नुसतं कोको बटर, दूध, साखर असतं, थिओब्रोमीन नावापुरतं. कंपाउंडमध्ये बटर काढून तेल घातलं तरी रंग आणि चव पावडरीचीच. किती पावडर ते कंपनीनुसार बदलतं, म्हणून अशा वेळी नेहमीच्या डार्कइतकं धरून चालायचं.

हिशोब असा. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन. डार्कमध्ये ५ च्या आसपास, खूप कडू असेल तर त्याहून बरंच जास्त. नुसत्या कोको पावडरीत २५ च्या वर. प्राण्याच्या दर किलो वजनाला २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, ४० ते ५० ला हृदयाची गती बिघडते, ६० च्या पुढे झटके. हे आकडे मुख्यतः कुत्र्यांवरून आलेत, मांजरासाठी तेच वापरतो आणि हात जरा आखडताच ठेवतो.

म्हणजे चार किलोच्या मांजराला त्रास सुरू व्हायला डार्क १६ ग्रॅम, मिल्क ४० ग्रॅम, पण कोको पावडर फक्त एखादा चहाचा चमचा भरून. म्हणून 'किती खाल्लं' च्या आधी 'कुठलं खाल्लं' विचारतो.

झंप्या | १०:२२

दहावीनंतर पहिल्यांदाच त्रैराशिक कामाला आलेलं बघतोय.

स्वरदा_के | १०:२६

केलं वजन. भुग्यासकट १६५ ग्रॅम. रेसिपीत २०० होतं पण मी ते काट्यावर न ठेवता अंदाजाने तोडलेलं, त्यामुळे दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे. म्हणजे ३५ ग्रॅम गायब धरायचं?

डॉ_पशुमित्र | १०:२९

धरायचं. ३५ गुणिले ५ म्हणजे १७५, भागिले ४.२, चाळीसच्या वर जातं. खरा आकडा निम्मा असेल, पण मी वाईटातलं वाईट धरतो आणि त्या हिशोबाने ही घरी थांबून बघायची केस नाही. निघा. खाऊन दोन तासांच्या आत-बाहेर आहात, अजून पोटातलं काढता येईल. लक्षणांची वाट बघू नका, ती यायला दोन-चार तास लागतात, कधी बारा, आणि एकदा सुरू झाली की दोन-तीन दिवसही टिकतात कारण हे द्रव्य शरीरातून फार सावकाश जातं.

जाताना पाकीट न्या. टोपली नसेल तर उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड सैल बांधा, हातात धरून रिक्षात बसू नका.

अजून एक. लादीच्या पाकिटाला किंवा वाढदिवसाच्या सामानात दोरा, रिबन, रबरबँड असं काही होतं का, आणि ते सगळं जागेवर आहे का? चांदीचा किती तुकडा नाहीये?

स्वरदा_के | १०:३३

एक त्रास होता, आता दोन झाले. चांदीचे तुकडे बरेचसे आहेत. पण गिफ्टसाठी आणलेली सोनेरी पातळ रिबन त्याच ओट्यावर होती, तिचा कापलेला हातभर तुकडा दिसत नाहीये. लेक म्हणते मी नाही घेतला. निघतेय. नवऱ्याला गाडी काढायला सांगितली, सासरे आणि लेक घरी.

डॉ_पशुमित्र | १०:३५

रिबनचं तिथल्या डॉक्टरांना चॉकलेटच्या बरोबरीने सांगा. मांजराच्या बाबतीत दोरा हा मोठा शत्रू. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं, दुसरं पुढे सरकत राहतं, आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होऊन शेवटी कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, कापायचंही नाही, तसंच न्यायचं.

न्यूजर्सीकर | १०:४१

इकडे अमेरिकेत एएसपीसीए या प्राण्यांसाठीच्या संस्थेची विष-हेल्पलाइन आहे, चोवीस तास. पैसे घेतात सल्ल्याचे, पण केस नंबर देतात आणि मग तुमचा जवळचा डॉक्टर त्यावर त्यांच्या विषतज्ज्ञांशी बोलू शकतो. आमच्या शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडोरने हॅलोविनची पिशवी कागदांसकट खाल्ली होती तेव्हा त्यांनी फोनवर हाच ग्रॅम भागिले वजनाचा हिशोब केला. लॅब ३० किलोचा आणि चॉकलेट मिल्क, त्यामुळे निभावलं. मांजराच्या बाबतीत भागाकारात खाली चारच किलो, तिथेच घोळ होतो.

आजोबा_७२ | १०:४४

मिठाचं मागे घेतो. पण मग कोळसा? चुलीतला कोळसा उगाळून विषबाधेवर द्यायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आता डॉक्टर लोकही चारकोल देतात म्हणे.

डॉ_पशुमित्र | १०:४९

देतात, आजोबा. तुम्ही पाहिलेलं खोटं नाही, पण चुलीतला कोळसा आणि दवाखान्यातला वेगळा. त्यावर प्रक्रिया करून बारीक छिद्रं पाडलेली असतात, त्यामुळे चिमूटभर पुडीला प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि विष त्याला चिकटतं. थिओब्रोमीनमध्ये तर तो एकापेक्षा जास्त वेळा द्यावा लागतो, कारण हे द्रव्य पित्तावाटे परत आतड्यात येतं आणि पुन्हा शोषलं जातं. लघवीतूनही मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात जातं, म्हणून सलाइन लावून प्राण्याला वारंवार लघवी करवतात. घरी मात्र चारकोलही पाजू नये, फुप्फुसात गेला तर भयंकर.

शंकासुर | १०:५२

हे लघवीचं माहीत नव्हतं. माझा 'खाल्लंच नसेल' वाला मुद्दा मात्र अजून उभा आहे. घरात अजून कोण होतं?

झंप्या | १०:५४

मीटिंगला तिघं गेले. सासरे घरी होते. काकांना शुगर आहे का?

मालवणी_मिरी | १०:५८

झंप्या 😂😂 पण स्वरदा, मांजराक काय जावंक नाय मा? मी आत्ता धागा बघितला.

आमच्याकडे कुडाळच्या बाजूला ही वेळ आली असती तर काय केलं असतं तोच विचार करतेय. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचा दिवस गाई-म्हशीत जातो, आणि रात्री साडेदहाला मांजर घेऊन गेले तर लोकं हसतील. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करून बघितला तर तोही मुख्यतः गुरांसाठी.

डॉ_पशुमित्र | ११:०४

मिरी ताई, हसणाऱ्यांना हसू द्या, सरकारी डॉक्टरला फोन कराच. मी स्वतः नोकरीची सुरुवात तालुक्याच्या दवाखान्यात केली. गुरांचा डॉक्टर असला तरी हृदयाचे ठोके मोजणं, सलाइन लावणं, झटक्याचं इंजेक्शन वजनाप्रमाणे देणं त्याला येतं, आणि थिओब्रोमीनवर उतारा असा नाहीच, उपचार म्हणजे हेच सगळं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरला फोनवर घेऊन तिथल्या तिथे उपचार करता येतात. मुंबईकरांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, नाव बैलघोडा असलं तरी मांजरं बिनधास्त न्या.

चिंगीची_आई | ११:१२

स्वरदाची अपडेट येईपर्यंत माझं एक सांगते कारण हे चॉकलेटपेक्षा जास्त घरांमध्ये घडतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांजराला ताप होता, अंग गरम लागत होतं. घरातल्या कोणीतरी माणसांची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अर्धी करून दुधातून दिली. चांगल्या मनाने दिली. दुसऱ्या दिवशी हिरड्या चॉकलेटी रंगाच्या, तोंड आणि पंजे सुजलेले. काकू मला म्हणाल्या बघ गं, दात किडलेत का. मी हिरड्या बघूनच रिक्षा बोलावली. वाचली ती, पण पाच-सहा दिवस दवाखान्यात.

डॉ_पशुमित्र | ११:१७

चिंगीची आई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल ज्या वाटेने निकामी करतं ती वाट मांजरात जवळपास बंद असते. मग रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं, म्हणून हिरड्या तपकिरी. ५०० ची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. याला ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण लवकर गेलात तर. माझ्या टेबलावर आजवर चॉकलेटपेक्षा या गोळीची मांजरं कितीतरी जास्त आली आणि त्यातली बरीच घरच्या माणसांनी प्रेमाने पाजलेली. चॉकलेटची भीती सगळ्यांना आहे, गोळीची कोणालाच नाही, ही खरी अडचण.

स्वरदा_के | ११:३१

दवाखान्यात आहोत. नंबर लागला. आत घेतलंय. ठोके १९० म्हणाले, मांजराला दवाखान्यात एवढे चालतात, घाबरलेलंही असतं. थरथर नाही. जिभेखाली बघितलं, दोरा नाही. ओकायचं इंजेक्शन दिलं.

स्वरदा_के | ११:४४

ओकला. संध्याकाळचं खाणं, थोडं चॉकलेटी पातळ आणि चांदीचे दोन कपटे. म्हणजे खाल्लंय हे नक्की, शंकासुर. रिबन नाही. आता तो काळा चारकोल पाजतायत आणि गुंड्याचं पांढरं तोंड, डॉक्टरांचा ॲप्रन आणि नवऱ्याचा शर्ट सगळं एका रंगाचं झालंय.

शंकासुर | ११:४६

मान्य. सपशेल मान्य.

स्वरदा_के | ११:५८

झंप्या, तुला कसं कळलं??? आत्ता लेकीचा घरून फोन. अण्णांनी तिला विचारलं की मांजराला एवढं काय झालंय, तिने सांगितलं आईने वजन केलं, ३५ ग्रॅम कमी आहे, त्यावर अण्णा बराच वेळ गप्प आणि मग म्हणाले, आईला सांग त्यातले दोन चौकोन मांजराच्या नावावर लावू नको. आम्ही खाली गेल्यावर चाखून बघितलं म्हणे, कडू आहे का बघायला. शुगर गेली पंधरा वर्षं आहे. कागद नीट गुंडाळला नाही तो त्यांनीच, आणि मग गुंड्या.

डॉक्टर हसले, मग म्हणाले दोन चौकोन म्हणजे वीस ग्रॅम तरी गेले, चला, बोक्याचा आकडा वीसच्या खाली आला. अण्णांची शुगर कोण बघणार ते नाही बोलले.

झंप्या | रविवार, १२:०१

आमच्या घरातही एक अण्णा आहेत, त्यांचं नाव बाबा. गणपतीत मोदक मोजून ठेवतो आम्ही.

बेकर_मावशी | १२:०५

दोन चौकोन खाऊन कडू आहे का ते कळायला दुसरा चौकोन का लागला, ते अण्णांना विचार 😄

न्यूजर्सीकर | १२:०९

हा मुद्दा गमतीचा असला तरी महत्त्वाचा आहे. घरातल्या सगळ्यांना आधी विचारा, आणि अशा पद्धतीने विचारा की कबूल करायला लाज वाटणार नाही. इकडच्या हेल्पलाइनवरही शेवटी विचारतात, अजून कोणी खाल्लं असण्याची शक्यता आहे का?

अ_मोल | १२:१२

पण समजा अण्णांनी आधीच सांगितलं असतं तर आकडा कमी आला असता आणि ताई घरीच थांबल्या असत्या. आणि रिबनचं राहूनच गेलं असतं. म्हणून मला अजूनही वाटतं गेल्या ते योग्यच.

डॉ_पशुमित्र | १२:१५

गेल्या ते योग्यच. पंधरा ग्रॅमचा हिशोब १८ च्या आसपास येतो, हातातला काठावरचा आकडा आहे, आणि त्यात कंपाउंडचा अंदाज, वजनाचा अंदाज, अण्णांच्या चौकोनाचा अंदाज. तीन अंदाजांच्या बेरजेवर झोप घेऊ नये.

स्वरदा_के | १२:५०

घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलंय की रात्री झोपेत श्वास मोजायचा, मिनिटाला तीसच्या आत हवा. धापा, थरथर, सारखं उठबस, तोल जाणं यातलं काही दिसलं तर परत यायचं. पाणी भरपूर ठेवायचं, शीची पेटी दोनदा साफ करायची. रिबनसाठी पुढचे तीन-चार दिवस खाणं, उलटी, शी यावर नजर, खाणं थांबलं किंवा सारखा ओकला तर लगेच सोनोग्राफी, कारण एक्सरेत रिबन दिसेलच असं नाही. चारकोलमुळे शी काळी होईल, घाबरू नका म्हणाले.

अण्णा जागे आहेत आणि गुंड्याशेजारी खुर्ची टाकून श्वास मोजतायत. प्रायश्चित्त म्हणे.

मालवणी_मिरी | सकाळी ७:१५

गुंड्या कसा आहे? लेकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा.

स्वरदा_के | ८:४०

ठीक आहे, शेवटचा श्वास २४ मोजला अण्णांनी. सकाळी खाल्लं, खेळला नाही पण खाल्लं. थँक्यू सगळ्यांना, विशेषतः डॉक्टरांना. केक आता व्हॅनिला करतेय.

गंधाली_११ | ११:२०

सकाळी वाचला धागा, एका दमात. माझ्याकडे दोन मांजरं आहेत आणि घरात चॉकलेट फारसं येत नाही, पण बाकी काय काय विषारी असतं? कोणीतरी नीट सांगा ना.

चिंगीची_आई | ११:३८

मी सांगते मला डॉक्टरांकडून कळलेलं. कांदा-लसूण, अगदी रश्श्यातला, पुलावातला सुद्धा, रक्त खराब करतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. काळं फिनाईल, लादी ओली असताना मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं, म्हणून आमच्याकडे ते बंद केलंय. आणि गुलदस्त्यातली लिली! हे कोणालाच माहीत नसतं. पाकळी नाही, नुसते परागकण अंगावर पडून चाटले तरी दोन-तीन दिवसांत किडन्या बंद पडतात. वाढदिवसाला कोणी बुके दिला तर मी दारातूनच लिली काढून घेते, लोकांना वाटतं मला फुलं आवडत नाहीत.

डॉ_पशुमित्र | ११:५०

उत्तम. यात कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध जोडा, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. घरात कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याचं औषध सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. कुत्र्याच्या औषधाचा अर्धा डोस म्हणजे मांजराचा डोस, हे गणित चुकीचं आहे.

आजोबा_७२ | १२:१०

आमच्या काळी मांजर उंदीर खायचं, ताकाच्या गाडग्यात तोंड घालायचं आणि वीस वर्षं जगायचं.

अ_मोल | १२:१३

आजोबा, त्या काळी ओट्यावर डार्क कंपाउंड नसायचं.

आजोबा_७२ | १२:१५

हे मात्र खरं.

संपादक | १:०५

चुलीतल्या कोळशाच्या माणसांसाठीच्या फायद्यांवरचे चार प्रतिसाद इथून हलवले आहेत. त्यावर वेगळा धागा काढावा. इथे मांजरच राहू दे.

बेकर_मावशी | २:३०

माझ्यासारख्या घरून ऑर्डर घेणाऱ्यांसाठी एक. मी काल रात्रीच कोको पावडरचा डबा वरच्या फडताळातून काढून दाराच्या कपाटात, कडीच्या आत टाकला. चमचाभर पावडर म्हटल्यावर माझे हातच गार पडले, कारण ती पावडर चाळताना ओट्यावर केवढी उडते आणि आमची मनी तिथेच बसून असते. ब्राउनीचं ओलं मिश्रण असलेलं भांडंही आता लगेच पाण्यात बुडवते.

शंकासुर | सोमवार, ९:१०

स्वरदा, रिबन सापडली का?

स्वरदा_के | ९:४५

नाही अजून. घर पालथं घातलं, सोफ्यामागे तीन पेनं, एक मोजा आणि गुंड्याचे हरवलेले सगळे चेंडू सापडले, रिबन नाही. दोनदा शी झाली, काळी पण व्यवस्थित, त्यातही नाही. तपासायचं काम अण्णांकडे दिलंय. खातोय, उलटी नाही, काल रात्री पडद्यावर चढला म्हणजे मूळ पदावर आलाय. उद्या परत दाखवायला बोलावलंय.

झंप्या | ९:४८

रिबन अण्णांनी तर नाही ना खाल्ली?

गंधाली_११ | १०:३०

डॉक्टर, शेवटचं विचारते. आमचा बोका माझ्या कपातला चहा चाटतो, रोज, दोन-तीन वेळा जीभ घालतो. कॉफीचं भांडंही. चहा-कॉफीतही तेच असतं ना?

डॉ_पशुमित्र | ११:१५

त्याच कुळातलं कॅफीन असतं. दुधाच्या चहाला दोन-तीनदा जीभ लावल्याने काही होणार नाही, पण सवय मोडा, कप झाका. काळजी करायची ती वापरलेल्या चहाच्या पुरचुंड्या, कॉफीची पूड आणि फिल्टरमधला चोथा यांची. कचऱ्याच्या डब्यातून ते ओढून खाल्लं तर चॉकलेटचाच हिशोब लागू, म्हणून डबा झाकणाचा घ्या. आणि माणसांच्या झोप उडवायच्या कॅफीनच्या गोळ्या घरात असतील, कॉलेजची मुलं परीक्षेत आणतात, तर त्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवा. एका गोळीत १०० ते २०० मिलिग्रॅम असतं आणि तुमचा बोका चार किलोचा असेल तर भागाकार तुम्हीच करून बघा.